टाकायच्या ढिगातली भाजी

"भाजी कुणी दिली?"

सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत हा प्रश्न मला तीन वेळा विचारला गेला. एकदा डॉक्टरांनी, एकदा हवालदारांनी आणि एकदा आमच्या कंपनीच्या एच.आर. मॅनेजरनी. तिन्ही वेळा मी एकच नाव सांगितलं. नागव्वा. तिसऱ्या वेळी म्हणे मी हे उत्तर सलाइनच्या स्टँडकडे बघून दिलं आणि स्टँडला 'कॉम्रेड' म्हणालो.

मला यातलं काहीही आठवत नाही. पण ते कागदावर आलं होतं. आणि कागदावर आलेल्या गोष्टीला किती वजन असतं, हे लोकांना ओरडून सांगणारा माणूस मीच.

मी बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हॉर्टिकल्चर सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा घरच्यांना वाटलं मोठी पोस्ट आहे. प्रत्यक्षात गेस्ट हाउसभोवतीची बाग, लॉन, कुंड्या आणि रोजंदारीवरच्या सहा बायका एवढा माझा कारभार. कारखान्यात परदेशी बायर येतात. त्यांना टॉवेल दाखवायच्या आधी हिरवळ दाखवतात.

आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं ढीगभर. वडील यंत्रमाग कामगार. प्रत्येक मोर्चाचं, सभेचं, संपाचं पत्रक ते घडी घालून ट्रंकेत ठेवायचे. मी वाचायला शिकलो तो 'कामगार बंधू-भगिनींनो' या ओळीवर. त्यामुळे मला दोन सवयी लागल्या. कशावरही पत्रक काढायचं, आणि कुठल्याही वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह द्यायचं.

कंपनीत 'वेलनेस वीक' आला. एच.आर.चे माने साहेब म्हणाले, "गार्डनतर्फे पण काहीतरी करा." मी रात्रीत पत्रक लिहून काढलं. 'तण नव्हे, अन्न!' खाली घोळ, तांदुळजा, पाथरी, कुंजीर यांचे फोटो. गरिबांच्या ताटातली भाजी श्रीमंतांनी तण ठरवली, वगैरे. कोपऱ्यात सावधान म्हणून धोतऱ्याचा फोटो, लाल वर्तुळात. पांढरं भोंग्यासारखं फूल आणि काटेरी बोंड स्पष्ट दिसत होतं. पत्रक कँटीनच्या नोटीस बोर्डावर लागलं. उरलेली मी खिशात घेऊन फिरत होतो.

आता मुख्य प्रसंग. ऑगस्टचा शेवट होता. दोन-तीन पाऊस बरे झाले होते आणि गेस्ट हाउसमागचा वाफा तणाने भरला होता. सोमवारी बायर येणार. शुक्रवारी सकाळी बायका खुरपणीला बसल्या.

खुरपणी म्हणजे खुरप्याने तण मुळासकट काढणं. बायका एका रांगेत उकिडव्या बसतात आणि हळूहळू पुढे सरकतात. पदर कमरेला खोचून पोटापाशी झोळी केलेली असते, तिला ओटी म्हणतात. तणातलं जे खायचं, ते ओटीत. बाकीचं मागे ढिगात. हे इतक्या भराभर चालतं की बघणाऱ्याला वाटतं, हात आपोआप चाललाय. मलाही तसंच वाटलं. हा माझा पहिला गैरसमज.

नागव्वा त्यांच्यातली सगळ्यांत मोठी. साठीला आलेली. माहेर दुधनीकडचं, त्यामुळे घरात कानडी आणि आमच्याशी मराठी. मला बघून तिने ओटीतली जुडी पुढे केली.

"घ्या साहेब, तांदुळजा हाय. लई कवळा."

"नको मावशी. तुम्ही काढलेली भाजी मी फुकट घेणं बरोबर नाही."

"अय्यो, रानच्या भाजीला कवा पैसं पडलं?"

"प्रश्न पैशांचा नाही. तत्त्वाचा आहे."

शेजारच्या बाईने मान वर न करता विचारलं, "तत्त्वाला शेंगदाण्याचं कूट लागतंय का, साहेब?"

रांगभर हसू फुटलं. मी हसलो नाही. मुकादमाने कामगाराकडून काही घेणं ही वेठ आहे, हे मी तिसरीत असताना पत्रकात वाचलं होतं. पण रानभाजी तर खायची होती. पत्रक लिहिणाऱ्यानेच खाल्ली नाही तर लोक काय म्हणतील? मागे ढीग पडला होता. तो कुणाचाच नव्हता. त्यातून घेतलं तर कुणाचं शोषण होत नव्हतं. मी खाली वाकलो आणि छान रुंद, कोवळी पानं निवडायला लागलो. मला तो माठाचा एखादा रानटी प्रकार वाटला. वाटला कसला, खात्रीच होती.

"त्यातलं घिऊ नगा साहेब," नागव्वा म्हणाली. "त्यो टाकायचा ढीग हाय."

"मावशी, टाकाऊ असं काही नसतं. आपल्याला तसं शिकवलं गेलंय."

"कुणी शिकिवलं? मी बघून टाकलंय की."

या वाक्याचा अर्थ समजायला मला पुढे आठवडा लागला. त्या वेळी मी फक्त प्रेमाने हसलो. अडाणी माणसाच्या संकोचाला सुशिक्षित माणूस हसतो तसा. पुढे काही बोलायच्या आत वॉचमनने तिला पाइप धरायला हाक मारली, आणि मी पानं घेऊन स्टोअर रूममध्ये गेलो.

स्टोअरमध्ये चहासाठी शेगडी होती. लसूण, तिखट, मीठ, भरपूर कूट. सोलापुरात कूट घातलं की कुठलीही भाजी शेंगाचटणीसारखी लागते, आणि त्यामुळे ती नक्की कसली होती हे कळायचा शेवटचा मार्गही बंद होतो. मी ती कडक भाकरीबरोबर खाल्ली. जरा कडू होती. मी पत्रकाच्या समासात नोंद केली, 'किंचित कडवट, परंतु पौष्टिक!'

पुढचं मी ऐकलेलं सांगतोय.

आधी मी पाणी पीत सुटलो. तोंडाला कोरड पडली होती. मग मोबाइलवरची अक्षरं दिसेनात, म्हणून मी तो लांब धरून, मग आणखी लांब धरून बघत होतो. मग मी हवेतून काहीतरी चिमटीत धरून ओढायला लागलो. धागे. दुसरीकडे कुठे असतो तर लोकांनी लगेच ओळखलं असतं की माणूस भ्रमात आहे. पण टॉवेलच्या कारखान्यात निम्मी माणसं दिवसभर धागेच ओढत आणि कापत असतात. माझ्या शेजारून दोन जण गेले. एकाने नुसतं विचारलं, "साहेब क्वालिटी चेकिंगला गेले काय?"

मग मी मेंदीच्या कुंपणापुढे उभा राहून आठ तासांच्या दिवसावर भाषण सुरू केलं. त्याचंही कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते नागव्वाला. ती जवळ आली, माझी हनुवटी धरून तिने तोंड उजेडाकडे फिरवलं. डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की पांढऱ्याच्या आत नुसतं काळंच दिसत होतं. अंग तापलेलं, घाम नाही. तिच्या गावात एका पोराला असं झालेलं तिने पाहिलं होतं. तिने विचारलं, "काय खाल्लं, साहेब?" मी म्हणालो, "अन्न." ती स्टोअरकडे धावली. डब्यात उरलेली भाजी घेतली, ढिगातून तसलंच एक रोप मुळासकट उचललं, आणि कंपनीच्या गाडीत माझ्याशेजारी बसली. धोतरा, धोतरा, असं ड्रायव्हरला सांगत ती दवाखान्यापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी मी शुद्धीवर आलो. नाक दुखत होतं, घसा दुखत होता, आणि आणखी एका ठिकाणी नळी होती, कारण या विषाने लघवी अडते. डॉक्टर तस्नीम म्हणून एक तरुण मॅडम होत्या. बहुधा इंटर्न. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण हसू आवरत नव्हतं.

"तुमच्या खिशात तीसेक पत्रकं होती," त्या म्हणाल्या. "नाकात नळी घालताना तुम्ही मला एक दिलंत."

"सॉरी मॅडम."

"वाचलं मी. ओळख पटल्याशिवाय खाऊ नये, असं तुम्हीच छापलंय."

"ओळख पटली होती हो. तोच तर घोटाळा झाला."

त्यांनी मला समजावून सांगितलं. धोतऱ्याचं सगळं झाड विषारी. पान, फूल, बी, सगळं. शिजवून विष जात नाही. लोक त्याला फुलावरून आणि बोंडावरून ओळखतात. पण फूल यायच्या आधी, वीतभर असताना, ते भाजीच्या रोपासारखं साधं दिसतं. माझ्या लाल वर्तुळातला धोतरा मोठा झालेला होता. त्याचं लहानपण मी कधी पाहिलंच नव्हतं.

"त्या बाईंनी झाड आणलं म्हणून बरं," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर आम्ही आधी दारू समजलो असतो, मग डोक्याचा आजार. बराच वेळ गेला असता. तुमचे ठोके बघता तो वेळ तुमच्याकडे नव्हता."

मंगळवारी मी कामावर गेलो. वाफ्यात पाचच बायका होत्या. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. मी विचारलं, "नागव्वा मावशी कुठंयत?" एकीने खुरपं मातीत आपटलं आणि गेटकडे बोट केलं. नागव्वाचा गेट पास बंद केला होता.

माने साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. टेबलावर इन्सिडेंट रिपोर्ट होता. कंपनीत काही घडलं की हा भरायचा असतो. काय झालं, कशामुळे झालं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. 'काय केलं'च्या रकान्यात लिहिलं होतं, की विषारी वनस्पती भाजी म्हणून देणाऱ्या महिला कामगारास कमी करण्यात आले. खाली माझ्या सहीची जागा.

"साहेब, तिने दिली नाही."

"तुम्हीच सांगितलं. मी स्वतः ऐकलंय. विषबाधा म्हणजे एमएलसी, पोलिसांकडे नोंद होते. तिथेही हेच नाव आहे."

"मी शुद्धीत नव्हतो."

"बरं, ते सोडा. ते झाड विषारी आहे हे तिला माहीत होतं. दवाखान्यात तिनेच सांगितलं. तुम्ही बी.एस्सी., तुम्हाला माहीत नव्हतं. मग तिला कसं माहीत?"

या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. फक्त ते माझ्या डिग्रीला झेपणारं नव्हतं.

"सही करा आणि विषय संपवा," माने साहेब म्हणाले. "तुमच्या कन्फर्मेशनची फाइलही माझ्याकडेच आहे. त्यात कशाला भानगड?"

इथे मी उठून टेबलावर मूठ आपटायला हवी होती. एवढी वर्षं मी त्याच मुठीची चित्रं पत्रकांवर छापली होती. मी म्हणालो, "उद्या देतो, साहेब."

चहाही पिऊन आलो.

संध्याकाळी नागव्वाच्या घरी गेलो. एमआयडीसीमागच्या वस्तीत दोन खोल्या. ती दारात शेंगा फोडत बसली होती. मला बघून हात थांबला नाही.

"आलास व्हय? जित्ता हायस म्हंजी."

साहेबवरून ती एकेरीवर आली होती. ते योग्यच होतं.

"मावशी, मला शुद्ध नव्हती."

"शुद नव्हती तर माजंच बरं नाव सुचलं. म्यानेजराचं न्हाय सुचलं."

मी पायरीवर टेकलो.

"पोलीस आलता हितं. सुनेच्या माहेरची माणसं बसली होती तवा. इचारतोय, इख कशाला घातलंस? सकाळी नळावर गेले तर एक बाई म्हनती, नागव्वा, माज्या घागरीला हात लावू नगं." तिने शेंग फोडली. "काम काय, दुसरीकडं मिळंल. ह्यो डाग कुटं धुऊ?"

"मी सही केलेली नाही. उद्या देतो म्हणालोय."

"करनार न्हाईस?"

"नाही."

"मग आजच तसं का सांगितलं न्हाईस?"

मी तिच्या पुढ्यातली एक शेंग उचलून फोडायला लागलो. मग ती म्हणाली, "मी दिलेली भाजी घेतली असतीस तर काय झिजला असतास?"

त्या रात्री मी घरी बसून अर्ज लिहिला. पहिला मसुदा अडीच पानांचा झाला. त्यात शोषण दोनदा आलं, व्यवस्था चारदा, आणि मी कचऱ्यातून पानं उचलली हे कुठेच नव्हतं. तो फाडला. दुसरा पाच ओळींत संपला. नागव्वा यांनी मला खाण्याची भाजी दिली होती, ती मी नाकारली. त्यांनी टाकून दिलेल्या ढिगातून मी स्वतः पानं घेतली. त्यांनी घेऊ नका असं सांगितलं होतं. पानं ओळखण्यात माझी चूक झाली. त्यांनी झाड ओळखून मला दवाखान्यात नेलं म्हणून मी वाचलो. त्यात उद्गारचिन्ह एकही नव्हतं.

बुधवारी सकाळी आधी पोलिसांकडे गेलो. हवालदारांनी अर्ज वाचला, जुना कागद काढला.

"दोन जबाब झाले. शुद्धीतला कोणता?"

"हा."

"पहिल्यात मराठी जास्त चांगलं होतं," ते म्हणाले आणि पुरवणी जबाब लिहायला घेतला. मी आणखी एक विनंती केली. ज्यांच्या घरी पोलीस येऊन गेले, त्यांच्या घरी पोलिसांनीच जाऊन सांगावं, की बाईंची काही चूक नाही. हवालदार म्हणाले, असं कुठल्या नियमात नाही. पण संध्याकाळी घरी जाताना ते त्या वस्तीत गेले आणि नळापाशी मोटरसायकल उभी करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नागव्वाचं घर विचारून, तिची काही चूक नाही असं सांगून आले. हे मला नंतर कळलं.

माने साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"ड्युटीवर असताना कचऱ्यातलं उचलून खाल्लं. तेही वॉर्निंग दिलेली असताना. हे तुम्ही लिहून देताय?"

"हो."

"हे रेकॉर्डवर राहणार."

"राहू दे साहेब. तिचं नाव राहण्यापेक्षा बरं." हे वाक्य मी बसमध्ये पाठ केलं होतं. घसा सोललेला असल्यामुळे ते बेडकासारखं बाहेर आलं.

नागव्वा गुरुवारी कामावर आली. मला मेमो मिळाला. कन्फर्मेशन सहा महिने पुढे गेलं. पत्रक बोर्डावरून काढलं, ते मीच काढलं. इथे गोष्ट संपली असती तर मी थोडा तरी हीरो ठरलो असतो.

पण इन्सिडेंट रिपोर्टमधला 'पुन्हा होऊ नये म्हणून'चा रकाना आता रिकामा झाला होता. तो भरायला हवा होता. शुक्रवारी संध्याकाळी गेटवर सिक्युरिटीने सहाही बायकांच्या ओट्या रिकाम्या करून घेतल्या. नवा नियम. आवारातली कुठलीही वनस्पती खायची नाही, बाहेर न्यायची नाही. चांगली कोवळी घोळ गेटच्या ड्रममध्ये पडली.

नागव्वा माझ्याकडे बघून म्हणाली, "तू वाचलास. आमचं कालवण गेलं की."

मी पुन्हा माने साहेबांकडे. या वेळी 'उद्या' म्हणालो नाही, कारण उद्या भाजी शिळी होते. त्यांनी शेवटी वैतागून सांगितलं, "ठीक आहे. गेटवर रजिस्टर ठेवा. कोणती भाजी, कुठून काढली, कुणी ओळखली. जबाबदार माणसाची सही पाहिजे. तुम्ही करा."

"मी नाही करणार."

"का?"

"मी त्याच पेपरात नापास झालोय."

सही नागव्वा करते. रोज पाच वाजता गेटजवळ बसून ती प्रत्येकीची ओटी बघते. पान बोटांत चुरगाळते, वास घेते, देठ मोडून चीक येतो का पाहते. पहिल्या दिवशी तिने मलाही दहा पानं दिली. मी सात बरोबर ओळखली आणि खुश झालो. ती म्हणाली, "तीन खाल्ली असतीस." एकदा तिने एकीचा तांदुळजा बाजूला काढला. मी धिटाई करून म्हणालो, "मावशी, हा तांदुळजाच आहे." तिने त्या बाईला विचारलं, "कुटनं काढलास?" ती म्हणाली, कंपाउंडच्या भिंतीकडून. तिथे आठवड्यापूर्वी मीच तणनाशक मारून घेतलं होतं. माझ्या लक्षातही नव्हतं. "भाजी खरी हाय," नागव्वा म्हणाली, "जागा वाईट हाय." आणि ड्रममध्ये टाकली.

महिन्याने माने साहेबांनी रजिस्टर तपासायला मागवलं. सगळ्या सह्या कानडीत.

"हे मला वाचता येत नाही," ते म्हणाले.

"मलाही नाही, साहेब."

त्यांनी पान उलटलं, आणखी दोन पानं उलटली, आणि खाली स्वतःची सही केली.

लोक मला आता विचारतात, बागेत उगवलेलं खावं की नाही? मी पत्रक काढत नाही. एवढंच सांगतो. शंका आली तर खाऊ नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मला शंका आलीच नव्हती. कुंडीत, वाफ्यात एखादं कोवळं पान ओळखीचं वाटलं, तर जन्मभर तेच खुडत आलेल्या माणसाला दाखवा. असं कुणी नसेल तर बाजारातून मेथी आणा. आणि त्या माणसाने 'टाक' म्हटलं, तर भाषण न करता टाका.